दोधूनं आणलेलं टपाल

माझ्या वडिलांचं अक्षर माझ्यापेक्षा दोधू पाटलाला चांगलं काढता यायचं. त्यानं माझ्या वडिलांना उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण त्यांचं एखादं पत्र मिनिटभर डोळ्यांपुढे धरलं की गडी मांडी ठोकून बसायचा, बोरू शाईत बुडवायचा आणि लिहायला लागायचा. तेच लांबट मोडी, शेवटाकडे वर चढत जाणारी तीच ओळ, 'आशीर्वाद' लिहिताना मारलेला तोच फटकारा. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचो आणि कपाळाला हात लावायचो.

बरं, एकट्या माझ्या वडिलांचंच नव्हे. बळीराम चौधरीच्या सासऱ्याचं, स्टोअरच्या कारकुनाचं, यार्डातल्या गोऱ्या साहेबाच्या सहीचंसुद्धा. अशा माणसाला फाशी तरी व्हायची नाहीतर तो कुठेतरी दिवाण तरी व्हायचा. दोधू नंबरटेकर झाला. यार्डात आलेल्या मालगाड्यांच्या वाघिणींचे नंबर वहीत उतरवून घ्यायचे, आणि मोडक्या वाघिणीवर खडूनं खूण करायची, एवढंच त्याचं काम.

ही गोष्ट समुद्रापलीकडच्या बसऱ्याची. चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या वर्षांत आमच्या भुसावळच्या रेल्वेतली पुष्कळ माणसं सरकारनं तिकडे नेली, त्यात आम्ही तिघं होतो. मी मालबाबू, राहणार जळगावाजवळच्या पाळधीचा. बळीराम इंजिनावर, सावद्याकडचा केळीवाला, अंगानं आडवा आणि मनानं सरळ. आणि दोधू, धुळ्याकडचा. आम्ही एका तंबूत राहायचो, एका चुलीवर जेवायचो. बाहेर ऊन असं की रुळावर भाकरी भाजावी. खजुरीची झाडं, चिखल आणि माश्या. दुसरं बघायला काही नाही. मग माणसानं करावं काय? दोधू खोड्या करायचा.

त्याचा एक नेम होता. रंगेहाथ पकडला तरी कबूल म्हणून व्हायचं नाही. चहात मीठ टाकताना मी स्वतः त्याचा हात धरला होता. मुठीत मीठ, बोटांना मीठ, आणि हा पठ्ठ्या डोळ्याला डोळा देऊन सांगतो, "रेलनी आन, मी नही!" शपथेला त्याला काहीही चालायचं. कोयसानी आन, तंबूनी आन, साहेबना टोपानी आन. आम्ही चिडलो की म्हणायचा, "देख सितू, चोरी कबूल करी का मजा सरी जास." माझं नाव सीताराम. मला सितू म्हणणारा जगात तो एकटाच.

बळीरामच्या मिशांची गोष्ट सांगतो म्हणजे दोधूच्या खोड्यांची जात कळेल. बळीरामला मिशांचा भारी अभिमान. रोज सकाळी खोबरेल लावून पीळ द्यायचा. लढाईचे दिवस, त्यामुळे घरची सगळी पत्रं सेन्सॉरवाले उघडून बघत आणि पुन्हा चिकटवून देत. उघडलेलं पाकीट पाहून कुणी चमकत नसे. दोधू तंबूचं टपाल आणायला जायचा. तेवढीच फट त्याला पुरेशी होती. एके दिवशी बळीरामच्या सासऱ्याच्या अक्षरात पत्र आलं: चिरंजीव जावईबापूंनी एक फोटो पाठवावा, पण मिशा काढून, कारण लेकरू तुमचा मिशीवाला फोटो बघून रात्रंदिवस रडतं. बळीराम विरघळला. मिशा उतरवल्या, कोट घातला, फोटो काढला. आणि संध्याकाळपर्यंत छावणीतली सगळी मराठी माणसं तोंडं पाडून तंबूत हजर! आपल्याकडे बाप गेल्याशिवाय माणूस मिशा काढत नाही. कुणी पाठीवर हात फिरवतंय, कुणी म्हणतंय, "वय किती होतं हो?" बळीराम ओरडतोय, "अरे बापा, मह्या बाप धडधाकट हाये!" लोकांना वाटलं, दुःखानं डोकं फिरलं.

दोधू कोपऱ्यात बसून सगळ्यांना चहा देत होता. डोळे पुसत होता, लबाड.

आम्हीही काही कमी नव्हतो. बिघडलेल्या वाघिणीवर 'सिक', म्हणजे आजारी, अशी चिठ्ठी लावायची रीत होती. मी आणि बळीरामनं तसली एक चिठ्ठी दोधूच्या कोटाला पाठीमागून चिकटवली. तो अर्धं यार्ड तसाच हिंडला. शेवटी एका शिस्तीच्या सार्जंटनं ती वाचली आणि हुकूम म्हणजे हुकूम, त्याला धरून इस्पितळात नेऊन टाकला. तीन दिवस सोडलं नाही. आम्हाला वाटलं, आता हा चिडेल. हा परत आला तो गालावर मांस चढवून. "दूध-पाव खादा, पलंगवर झोपनू. अजून एक चिकाडा ना रे!"

अशा माणसावर रागावणार कसं? पण एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती. टपाल आणायचा दोधू, पत्रं वाटायचा दोधू, आणि दोधूला स्वतःला पत्र कधीच येत नसे. एकदा विचारलं तर म्हणाला, "आम्हनाकडे बठ्ठा मोठा लोक शेतस. त्यास्ले लिखाले फुरसत नही." आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आबांना गावच्या पंतोजींनी मोडी शिकवलेलं, पण लिहायचं काय ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं पत्र तीन ओळींचं. पाऊस बरा आहे. बैल बरे आहेत. तूही बरा असशील. आशीर्वाद. मी बसऱ्याला निघालो तेव्हा जळगाव स्टेशनावर आई रडली, दादा रडला, आमचा गाडीवानसुद्धा रडला. आबा फलाटावर उभं राहून इंजिन बघत होते. गाडी सुटताना म्हणाले, "टोपी सांभाळ." बस्स. मला त्या दोन शब्दांचा पुढं दोन वर्षं राग येत होता.

त्या साली श्रावण उलटून गेला आणि दादाचं पत्र आलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पत्र त्याच्या अक्षरात होतं. आबांच्या बोटाला लागलंय, म्हणून मी लिहितो, घरी सर्व खुशाल, असं वरती होतं. मग गावची बातमी, पिकाची बातमी, आणि खाली सहज लिहिलेली एक ओळ: "कानबाई छान झाली. रोटाला पाच जणांचे गहू घेतले."

ज्याला खानदेश ठाऊक नाही त्याला यात काय मोठंसं वाटायचं नाही. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू दळतात ते मोजूनमापून. घरात पुरुष जितके, तितक्या वेळा सव्वा-सव्वा मूठ, प्रत्येकाचं नाव घेऊन. तान्हं पोर असो, म्हातारा असो, परमुलखात गेलेला असो, त्याची मूठ पडतेच. आणि गेलेल्या माणसाची मूठ पडत नाही. आमच्या घरात आबा, काका, दादा, मी आणि दादाचे दोन मुलगे. सहा माणसं. मागल्या वर्षी सहाच जणांचे गहू घेतले होते, आबांनीच लिहिलं होतं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. पाच.

पहिल्यांदा मी काय केलं असेल? हसलो. "दोध्या, भल्या गड्या," म्हटलं, "यावेळी हद्द केलीस." दोधू चुलीजवळ कांदा चिरत होता. त्यानं पत्र घेतलं, वाचलं, आणि हसला नाही.

"हाई मनं नही, सितू."

"शपथ घे की. तंबूची घे, कोळशाची घे."

त्यानं शपथ घेतली नाही. पत्र पुन्हा एकदा वाचून काढलं. मग म्हणाला, "तू समुद्र वलांडा ना, म्हनीसन तुले सोडी दिधं व्हई." आईनं मला कानबाईतून वगळलं? ज्या बाईनं निघताना माझ्या ट्रंकेत कानबाईचा नारळ घातला, ती मला सोडील? बळीराम समोर बसला होता, त्यानंही मान हलवली. तो म्हणाला, "सीताराम, दादानं खोटं लिवलं असंन, पन कानबाईची मूठ कोन खोटी सांगंन?"

खरंच होतं ते. दादानं मला धक्का बसू नये म्हणून सगळं खोटं लिहिलं असेल, 'सर्व खुशाल'ही खोटं असेल, आबांचं बोटही खोटं असेल. पण देवीच्या गव्हाचा आकडा खोटा लिहायला त्याचा हात धजणार नाही. आणि पत्र आबांच्या हातचं नव्हतं.

देशातून नवीन येणारी माणसं मानमोडीच्या तापाच्या साथीच्या गोष्टी सांगत होती. घरंच्या घरं झोपली म्हणत. मला रजा मिळणं शक्य नव्हतं, खासगी तारा जवळजवळ बंद होत्या, आणि पत्राचं उत्तर यायला महिना-सव्वा महिना. मी लिहिलं, खरं काय ते कळवा. आणि मग नुसती वाट. घास घशाखाली उतरेना. मालाच्या पावतीवर भलतीच नावं लिहायला लागलो. रोज सकाळी उठून पहिला विचार, आबा आहेत का नाहीत? आणि टोपीवरून धरलेला तो राग आठवला की जीव नकोसा व्हायचा. माणूस गेला असेल आणि आपण त्याच्यावर रुसून बसलोय!

चौथ्या की पाचव्या दिवशी मी यार्डात रूळ ओलांडत होतो. शंटिंग चालू होतं. मला शिट्टी ऐकू आली नाही, पॉइंटमननं मारलेली हाक ऐकू आली नाही. एकदम मागून कुणीतरी मानगूट धरून मला असं खेचलं की मी खडीवर उताणा पडलो, आणि तीन वाघिणी माझ्या पायापासून हातभर अंतरावरून खडखडत निघून गेल्या. खेचणारा दोधू होता. त्याची वही रुळावर चेंदामेंदा झाली होती. तो माझे हातपाय चाचपून बघत होता आणि मी, खरं सांगतो, नुसता त्याच्याकडे बघत होतो. मला मेल्याजगल्याचं काही वाटलंच नाही. ते त्याला दिसलं असावं.

त्याच संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा दोधू ताटावरून उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी लिखं ते पत्र."

बळीरामचा घास हातातच राहिला.

"दादानं अक्षर मी काढं. पाच जन मीच लिखं. मस्करी करी. खरं पत्र जाळी टाकं."

मी उठलो आणि त्याच्या कानशिलात लगावली. दुसरी लगावली. त्यानं हात वर केला नाही. बळीराम, ज्यानं मिशा गमावूनही त्याला शिवी दिली नव्हती, तो थुंकला आणि म्हणाला, "माणसाच्या बापावर मस्करी करतो? थू तुह्या जिंदगानीवर!" दोधूनं बोरू घेतला, आमच्यासमोर मोडला, दौत बाहेर नेऊन चिखलात फेकली. आणि ताट उचलून तंबूच्या मागं जाऊन बसला.

महिनाभर आम्ही त्याला वाळीत टाकला. टपाल आणायचं काम बळीरामकडे गेलं. दोधू वेगळा जेवायचा, वेगळा निजायचा. कुणी बोललं तर मान घालून निघून जायचा. छावणीत बातमी पसरली तसे लोक त्याच्याकडे बोटं दाखवायला लागले. पण मी? मी जेवायला लागलो. मला झोप लागायला लागली. मनात शिव्या घालत होतो त्याला, पण त्या शिव्यांबरोबर पोट भरून श्वास घेत होतो. आबा आहेत, आबा जिवंत आहेत. ज्या माणसानं जन्मात एक खोडी कबूल केली नाही, त्यानं ही एवढी मोठी का कबूल केली, हा प्रश्न मला पडलाच नाही. पडू दिला नाही म्हणा. सुटलेल्या माणसाला कोडी सोडवायची हौस नसते.

मग बळीराम एके दिवशी दादाचं पाकीट घेऊन आला. त्यात दादाची चार ओळींची खुशाली, आणि सोबत दुसरा कागद, आबांच्या हातचा. लांबट मोडी, वर चढणारी ओळ. 'बोट बरे झाले. पाऊस बरा. बैल बरे. तू काळजी केलीस असे दादाने वाचून दाखविले. वेडा आहेस. आशीर्वाद.' माझ्या डोळ्यांना पाणी आलं. बळीराम खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्याचे कान डाळिंबासारखे झाले होते. मला वाटलं, ऊन लागलं.

आता तुम्ही ओळखलंत, मी नव्हतं ओळखलं. मी दोधूला जाऊन मिठी मारली. "चल, झालं गेलं विसर, ताट घेऊन आत ये," म्हटलं. तो आत आला. पण पहिल्यासारखा दोधू काही राहिला नाही. चहात मीठ पडेना, अंथरुणात बेडूक सापडेना. कधीमधी बळीराम आणि तो बोलत असले आणि मी आलो की गप्प होत. मला वाटायचं, माझी चपराक त्याच्या मनात बसली.

आबांची आणखी दोन पत्रं आली. आणि त्यात आबा हळूहळू बोलायला लागले. दुसऱ्या पत्रात पाऊस आणि बैलांच्या खाली एक ओळ होती: 'ओट्यावर बसलो की नजर स्टेशनच्या रस्त्याकडे जाते.' मी ती ओळ दहादा वाचली असेल. तिसऱ्यात तर लिहिलं होतं, 'तू निघालास तेव्हा बोलायचे होते ते बोलता आले नाही. तोंड उघडले असते तर रडू आले असते, आणि चार लोकांत बापाने रडू नये असे आम्हाला शिकवलेले. म्हणून टोपीचे बोललो.' टोपीची गोष्ट मी दोधूला कधीतरी सांगितली होती, हे मला तेव्हा आठवलं नाही. मी ते पत्र दोधूलाच मोठ्यांदा वाचून दाखवलं. मला कुणाला तरी सांगायचंच होतं. "बघ रे," म्हटलं, "म्हातारपणी बाप कसा पाघळला माझा!" दोधू पायाचा अंगठा खाजवत बसला होता. "चांगलं शे," म्हणाला, आणि पाणी आणायला गेला.

मी उत्तरं लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा बापाशी बोललो. लहानपणी मोटेचा दोर मी कापला होता आणि मार दादाला खाऊ दिला, तेही कबूल केलं. पत्रं माझ्या हातानं पेटीत टाकली.

पुढल्या वर्षी आमची सुटका झाली. बळीराम आणखी दोन महिने राहिला. मी आणि दोधू आगबोटीनं मुंबईला आलो आणि तिथून गाडीत बसलो. धुळ्याला जाणाऱ्यानं चाळीसगावला उतरायचं. चाळीसगाव आलं. दोधू उतरेना.

"अरे, तुझं स्टेशन!"

"मी तुनासंगे जयगावलगून येस."

गाडी सुटली. पाचोरा मागं पडला तरी दोधू खिडकीबाहेरच बघत होता. घामानं त्याचा सदरा भिजला होता. मग तो माझ्या समोरच्या बाकावरून उठून शेजारी येऊन बसला आणि माझा हात धरून म्हणाला, "सितू, मी सांगस ते ऐक. तुना आबा गयात. कानबाईना पहिलेच गयात. ते पाच जननं पत्र खरं व्हतं. आबाना तिन्ही पत्र मना शेतस. बळीरामले मी खरं सांगं, मंग त्यानीच ते पाकीटमा घाली आनं."

मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. मी हसलो. इतका हसलो की समोरच्या म्हाताऱ्यानं आपल्या नातवाला कुशीत ओढलं. "शाब्बास! वर्षभर दबा धरून बसलास, आणि शेवटच्या स्टेशनाला डाव टाकलास!" दोधू म्हणाला, "मस्करी नही रे." मी म्हटलं, "रेल्वेची आण घे." तो म्हणाला, "मनी मायनी आन." ही शपथ त्यानं कधी घेतली नव्हती. तरी मी हसतच राहिलो. म्हसावद गेलं, शिरसोली गेली, मी हसतोय आणि तो माझा हात धरून रडतोय. मनात कुठंतरी मला कळलं होतं. पण हसणं थांबवलं की ते खरं होणार होतं.

जळगाव स्टेशनावर दादा बैलगाडी घेऊन आला होता. मी विचारलं, "आबा नाही आले?" दादानं माझी ट्रंक उचलली आणि म्हणाला, "घरी चाल." आम्ही गाडीत बसलो. दोधू मागच्या बाजूला पाय सोडून बसला होता. वाटेत दोनदा उतरून पायी चालला, बैलांना ओझं नको म्हणून.

आई दारात उभी होती. हातात बांगड्या नव्हत्या. कपाळ मोकळं होतं.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मी ओसरीवर पडून रडलो एवढं आठवतं. आणि मग उठलो आणि अंगणात उभ्या असलेल्या दोधूवर धावलो. "तुला कुणी अधिकार दिला?" मी ओरडलो. "माझा बाप मेला आणि मी तिकडे हसत होतो! सुतक पाळलं नाही, मिशी काढली नाही! मेलेल्या माणसाला मी पत्रं लिहीत बसलो, दोध्या!" तो उंबऱ्याच्या बाहेर उभा होता.

आईनं दादाला विचारलं, "हाऊच का रे तो?"

दादा म्हणाला, "हाऊच व्हई."

तेव्हा मला कळलं. मी आबांना लिहिलेली उत्तरं घरी येऊन पोचली होती. 'आबा, तुमचं पत्र मिळालं,' असं मी लिहिलेलं, आणि दादानं ते आईला वाचून दाखवलेलं. आई पहिल्यांदा घाबरली. मग तिला उमगलं की आपण इथून जे झाकतोय ते तिथंही कुणीतरी झाकतंय. आणि आई-दादा दोघंही गप्प राहिले. माझ्या प्रत्येक पत्राची मात्र ती वाट बघायची.

"ती पत्रं शेतस का तुनापा?" आईनं मला विचारलं.

होती. कोटाच्या आतल्या खिशात होती. आईनं दोधूला आत बोलावलं, पाय धुवायला पाणी दिलं, आणि ओसरीवर बसवलं. मला म्हणाली, "वाच." मी वाचलं. ओट्यावरून रस्त्याकडे जाणारी नजर वाचली. टोपीचं वाचलं. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती.

"असं तुना आबा जलममा बोलनात नही," ती म्हणाली.

दोधूनं मान खाली घातली. आईनं त्याला विचारलं, "तुना बाप काय करस?"

"नही शे, माय. मी पोटमा व्हतू तवयच गया."

"घर कोन शे?"

"कोनी नही. माय गयी ती साल मी रेलमा लागनू."

"मंग बाप कसा बोलस, हाई तुले कोनी सांगं?"

साऱ्या छावणीला शब्दांनी नाचवणारा माणूस हातातला रुमाल पिळत बसला. "कोनी नही सांगं," तो शेवटी म्हणाला. "माले जसं ऐकानं व्हतं, तसं लिखं."

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. त्याच्या गालावर मी मारलेल्या दोन चपराका मला आठवल्या आणि माझा हात मलाच नकोसा झाला.

आई उठली. माझ्या हातातलं शेवटचं पत्र तिनं घेतलं, आबांच्या अक्षरावरून बोट फिरवलं. "बोलाले पाहिजे व्हतं त्यास्नी," ती म्हणाली. "मनातलं बोलाले पाहिजे व्हतं." मग तिनं ते पत्र दोधूच्या हातात दिलं. "आते तू वाच. सावकाश वाच."

दोधूनं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज गेला. मग पुढं मी वाचलं. माझा गेला तसा पुन्हा त्यानं धरला. असं करत करत आम्ही दोघांनी मिळून आबांचं ते पत्र पुरं केलं.